खा आणि मेरित: चोरांच्या हातून सुटलेल्या एका थडग्याचा अभ्यास

प्राचीन इजिप्तमधील दफनविधींचा विषय निघाला की बहुतेकांना तुतनखामुन आठवतो. ते स्वाभाविक असले तरी राजाच्या थडग्यावरून त्या समाजाच्या मृत्यूविषयक समजुतींचा अंदाज बांधणे म्हणजे राजवाड्यातील पंगत पाहून गावातल्या घरोघरी काय शिजत होते ते ठरवण्यासारखे आहे. राजा मृत्यूनंतर देवांमध्ये मिसळतो अशी धारणा होती आणि त्याच्या अंत्यसंस्कारामागे राज्याचा खजिना उभा असे. ज्याला परलोकाची तयारी आपल्या मिळकतीतून, हयातभर थोडे थोडे बाजूला काढून करावी लागे, त्या माणसाने कशाला प्राधान्य दिले आणि कशावाचून चालवून घेतले, हे समजले तर समजुती प्रत्यक्षात कशा पाळल्या जात होत्या ते कळते. असे थडगे मूळ मांडणीसह सापडणे फार दुर्मिळ असते. लक्झरच्या पश्चिम तीरावरील देर अल-मदिना येथील खा आणि मेरित या पतिपत्नींचे थडगे तसे सापडले. आज ते ‘थीबन थडगे क्रमांक ८’ म्हणून ओळखले जाते (थीब्स हे लक्झरचे प्राचीन नाव) आणि त्यातील जवळजवळ सर्व वस्तू इटलीतील तुरीनच्या इजिप्शियन संग्रहालयात एकत्र मांडलेल्या आहेत.

खा कोण होता

खा हा अठराव्या राजवंशाच्या काळातला बांधकाम-अधिकारी होता. दुसरा आमेनहोतेप, चौथा थुतमोस आणि तिसरा आमेनहोतेप या तीन राजांच्या कारकिर्दींत, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि चौदाव्याचा पूर्वार्ध या काळात, त्याने काम केले. आजच्या लेखनात त्याला ‘राजाचा वास्तुविशारद’ म्हणतात, पण त्याच्या पदव्यांतून दिसतो तो राजांच्या थडग्यांचे काम प्रत्यक्ष उभे राहून करवून घेणारा देखरेखप्रमुख. देर अल-मदिना ही अशाच कारागिरांची वसाहत होती. राजांच्या खोऱ्यातील थडगी खोदणारे, भिंती घासून गुळगुळीत करणारे, चित्रे रंगवणारे आणि मजकूर लिहिणारे लोक तेथे कुटुंबांसह राहत असत. मृत्यूनंतरच्या प्रवासासाठी काय काय लागते, कोणता मंत्र कोठे लिहायचा, शवपेटीवर कोणती देवता कोणत्या बाजूला असावी, हे या वस्तीतल्या माणसांना रोजच्या कामातून ठाऊक होते. म्हणून खाच्या थडग्यात एखादी गोष्ट नसेल तर ती अज्ञानामुळे राहून गेली असे म्हणता येत नाही, आणि या प्रकरणाचा विचार करताना हा मुद्दा मी सतत डोळ्यांसमोर ठेवला आहे.

थडगे वाचले कसे

इजिप्तमधील सधन माणसाच्या थडग्याचे साधारणतः दोन भाग असत. वर जमिनीवर पूजास्थान असे, जेथे नातेवाईक येऊन मृताला अन्नपाणी अर्पण करत. आणि खाली, खडकात खोदलेले, कायमचे बंद केलेले दफनदालन असे. खाचे पूजास्थान लहानशा पिरॅमिडच्या आकाराचे होते. ते उघड्यावर असल्यामुळे पूर्वीपासून माहीत होते आणि त्यातील कोरीव शिला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पुरावस्तू गोळा करणाऱ्या द्रोवेत्ती यांच्या संग्रहातून तुरीनला पोहोचली होती. दफनदालन मात्र पूजास्थानाच्या खाली नव्हते. खाने ते सुमारे २५ मीटर अंतरावर, समोरच्या कड्याच्या पायथ्याशी खोदवले होते, आणि वरून घसरलेल्या दगडमातीने त्याचे तोंड पुरते बुजून गेले. नंतरच्या रामेसवंशीय राजांच्या काळात थीब्सच्या थडग्यांच्या चोऱ्या इतक्या वाढल्या होत्या की त्यांच्या चौकशीचे आणि खटल्यांचे कागद आजही उपलब्ध आहेत. चोर पूजास्थानाच्या आसपास शोधत राहिले असणार. राजांची थडगी जन्मभर बांधणाऱ्या माणसाला थडगे कसे फुटते हेही कळत असले पाहिजे, आणि जागेची ही निवड त्या जाणिवेतून झाली असावी असे मला वाटते.

इटालियन मोहिमेचे प्रमुख एर्नेस्तो स्कियापरेल्ली यांनी या खोऱ्यात शेकडो मजुरांकरवी काही आठवडे खोदकाम करवून घेतल्यावर फेब्रुवारी १९०६ मध्ये ते तोंड उघडे पडले. उभ्या चढाच्या पायऱ्या, दगडांनी चिणलेली भिंत, मग बोगदा, पुन्हा एक भिंत आणि शेवटी एक लाकडी दार अशी रचना होती. दार बंद होते आणि त्याची लाकडी कडी जागेवर होती. पुरातत्त्व खात्याचे निरीक्षक आर्थर वीगल त्या वेळी तेथे उपस्थित होते. आतल्या एका दिव्यात शेवटच्या माणसाने जाळलेल्या वातीची राख तशीच पडलेली होती, असे त्यांनी नोंदवले आहे. दालन लहान होते. जेमतेम साडेपाच मीटर लांब आणि सुमारे साडेतीन मीटर रुंद. त्यात चारशेहून अधिक वस्तू नीट लावून, झाकून, काही तर कापड पांघरून ठेवलेल्या होत्या. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गास्तों मास्पेरो यांनी मोजक्या वस्तू कैरोला ठेवून बाकी सारा संच तुरीनला जाऊ दिला. संच एका देशाबाहेर गेला ही खंत रास्तच आहे, पण तो फुटला नाही, ही गोष्ट अभ्यासाच्या दृष्टीने फार मोलाची ठरली. बडोद्याच्या संग्रहालयातील ममी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हा फरक लगेच जाणवेल: थडग्यापासून तुटलेला देह आपल्याला त्या माणसाने मरणाकडून काय अपेक्षा केली होती हे सांगू शकत नाही.

दालनात काय होते आणि कशासाठी

इजिप्शियनांच्या मते माणूस अनेक घटकांचा मिळून बनलेला असे. देह हा त्यांपैकी एक. ‘का’ ही त्याची प्राणशक्ती, जिला मृत्यूनंतरही अन्न लागे. ‘बा’ हे त्याचे पक्ष्याच्या रूपातले तत्त्व, जे दिवसा थडग्याबाहेर हिंडून रात्री देहाकडे परत येई. शिवाय नाव, सावली आणि हृदय. यांतील एकही घटक नष्ट झाला तर माणूस दुसऱ्यांदा मरे आणि त्या मरणातून सुटका नसे. दफनदालनात ठेवलेली प्रत्येक वस्तू यांपैकी कोणत्या ना कोणत्या घटकाच्या रक्षणासाठी असते, असे समजून खाच्या दालनाकडे पाहिले की तेथील गर्दीत एक सुसूत्रता दिसू लागते.

सर्वांत मोठा भाग अन्नाचा होता. वेगवेगळ्या आकारांच्या भाकऱ्या कामट्यांच्या आणि बोरूच्या बुटक्या मेजांवर रचून ठेवलेल्या होत्या. कांदा, लसूण, जिरे, खजूर, मनुका, डोम ताडाची फळे, खारवलेले पक्षी, मांस, तेल आणि मद्याचे रांजण असा तो भरलेला कोठार होता. थडग्यांवर नेहमी कोरला जाणारा प्रार्थनामंत्र मृताच्या ‘का’साठी ‘हजार भाकऱ्या, हजार घट मद्य, हजार बैल, हजार पक्षी’ मागतो आणि मंत्र उच्चारला तरी अन्न पोहोचते असे मानले जाई. तरीही खाच्या घरच्यांनी खरे अन्न मांडले. शब्दावर विश्वास होता, पण केवळ शब्दावर सगळा भार टाकलेला नव्हता.

दुसरा मोठा भाग कापडाचा. खाची सुमारे पन्नास लंगोटवजा अधोवस्त्रे आणि अनेक अंगरखे मिळाले, त्यांतील बऱ्याच कपड्यांवर मालकाची ओळख पटावी म्हणून धुणावळीत घालतात तशी खूण शिवलेली आहे. म्हणजे हे कपडे दफनासाठी नव्याने विणवलेले नव्हते, रोज नेसून धुतलेले होते. मेरितची खाट अंथरूण-पांघरुणासह सज्ज होती आणि लाकडी उशीसुद्धा कापडात गुंडाळून ठेवलेली होती. तिच्या प्रसाधनाची पेटी, काजळाच्या नळ्या, कंगवे आणि मानवी केसांपासून केलेला तिचा केसांचा टोप एका उंच लाकडी पेटीत ठेवलेला होता. तीन हजार तीनशेहून अधिक वर्षांनंतरही त्या केसांच्या वेण्यांचा पीळ सुटलेला नाही. खाजवळ त्याच्या कामाची साधने होती. त्यांत दुसऱ्या आमेनहोतेपचे नाव असलेला, सोन्याने मढवलेला मापदंड आहे. राजदरबारी हाताचे हे माप सुमारे साडेबावन्न सेंटिमीटर भरे आणि ते २८ बोटांत विभागलेले असे. हा सोनेरी हात कामावर वापरण्यासाठी नव्हता, तो सन्मान होता. प्रत्यक्ष कामाचा, घडी होणारा साधा लाकडी हातही तेथेच होता, आणि खाने दोन्ही बरोबर नेले.

खाची एक छोटी लाकडी मूर्ती खुर्चीवर ठेवलेली होती आणि तिच्या गळ्यात फुलांची माळ होती. देहाला काही इजा झाली तर ‘का’ला वस्ती करता यावी म्हणून अशी मूर्ती ठेवत. परलोकातील ‘बोरूंच्या शेतात’ नांगरणी, पेरणी, कापणी करावी लागते अशी समजूत होती. तेथे मृताच्या नावाचा पुकारा झाला की त्याच्या जागी ‘मी आहे’ म्हणून उभी राहणारी उशब्ती नावाची बाहुली ठेवली जाई. खाजवळ अशा केवळ दोन बाहुल्या होत्या, त्यांतील एक तिच्या छोट्याशा शवपेटीत, शेतीच्या इवल्या अवजारांसह. नंतरच्या शतकांत एकेका माणसासोबत शेकडो उशब्ती पुरल्या जाऊ लागल्या.

खाच्या शवपेटीवर घडी घालून ठेवलेली ‘मृतांचा ग्रंथ’ या नावाने आज ओळखली जाणारी पपायरसची पोथी सर्वांत महत्त्वाची आहे. ती जवळजवळ १४ मीटर लांब आहे आणि तिच्यात ३३ मंत्र आहेत. अशा सचित्र पोथ्यांपैकी ती सुरुवातीच्या काळातली. आरंभीच्या चित्रात खा आणि मेरित दोघेही मृतांचा देव ओसायरिस याच्यासमोर हात उंचावून उभे आहेत. या ग्रंथपरंपरेच्या केंद्रस्थानी मृताचा न्याय आहे: बेचाळीस देवांसमोर मृत व्यक्ती आपण चोरी केली नाही, वजनात मारले नाही, कोणाला रडवले नाही असे सांगते, कोल्ह्याच्या तोंडाचा देव अनुबिस तिचे हृदय ‘मात’ म्हणजे सत्य-व्यवस्थेच्या पिसासमोर तोलतो, देवांचा लेखनिक थोथ निकाल लिहितो, आणि हृदय जड भरले तर मगरीच्या तोंडाची अम्मित ते गिळून टाकते. हृदयाला उद्देशून असलेला मंत्र मला नेहमीच हेलावतो, कारण त्यात मृत माणूस आपल्याच हृदयाला विनवतो की माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. नीतीचा निकष इतका कठोर ठेवणाऱ्या लोकांनी त्या निकषाच्या धाकापासून वाचण्याचा मंत्रही तयार ठेवला होता, आणि या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात एकत्र नांदत होत्या.

मेरितची शवपेटी

दालनात खाच्या तीन शवपेट्या एकात एक अशा होत्या. बाहेरची आयताकृती आणि काळ्या लेपाची, घसरगाडीच्या पट्ट्यांवर बसवलेली. तिच्या आत मानवाकृती, काळी, सोनेरी पट्ट्यांची. आणि सर्वांत आत संपूर्ण सोन्याने मढवलेली. मेरितच्या दोनच: बाहेरची आयताकृती आणि आत एकच मानवाकृती पेटी, जिचे झाकण सोनेरी आणि खालचा भाग काळा आहे. या आतल्या पेटीवर नाव खाचे आहे. पेटी मेरितच्या देहाला मोठी पडली, म्हणून देहाभोवतीची मोकळी जागा कापडाने भरून घेतली गेली. तिच्या चेहऱ्यावर सोनेरी मुखवटा आहे. खाला मुखवटा नाही.

या पुराव्याचा अभ्यासकांनी लावलेला अर्थ असा की मेरित खाच्या आधी आणि अनपेक्षितपणे वारली. तिचे वय मृत्यूसमयी २५ ते ३५ आणि खाचे ५० ते ६० असावे, असे देहांच्या तपासणीवरून दिसते. शवपेटी घडवायला वेळ आणि पैसा लागे, म्हणून ती जिवंतपणीच करवून ठेवण्याची रीत होती. शवलेपनाला, म्हणजे देहाची ममी करण्याला, परंपरेने सत्तर दिवस धरले जात, आणि एवढ्या अवधीत लाकूड मिळवून, कोरून, लेप देऊन, सोने चढवून नवी पेटी पूर्ण करणे अवघड होते. खाची स्वतःची पेटी तयार होती. ती त्याने पत्नीला दिली आणि स्वतःसाठी पुढे दुसरा, अधिक संपन्न संच करवला.

येथे समजुतीच्या दृष्टीने एक गंभीर अडचण होती. शवपेटीवरचे नाव हे केवळ लेबल नव्हते. ज्याचे नाव, त्याचे रक्षण. पेटीवर कोरलेले देवतांचे आश्वासन खाला दिलेले होते, आणि आत झोपलेली होती मेरित. नाव खरवडून नवे लिहिण्याची प्रथा इतर अनेक थडग्यांत दिसते, येथे मात्र ते बदललेले नाही. घाई हे त्याचे एक कारण असू शकते. मला दुसरी शक्यता अधिक पटते: खाने पतीच्या नावाखाली पत्नीलाही आश्रय मिळेल असे मानले असावे, जसे त्याच्या पोथीतील चित्रात तीही ओसायरिससमोर उभी आहे. तिच्यासाठी दालनात ठेवलेली खाट, केसांचा टोप, वस्त्रे आणि प्रसाधने पाहता तिच्या परलोकाकडे दुर्लक्ष झाले असे म्हणणे शक्य नाही.

जे नव्हते त्याचा अर्थ

शालेय पुस्तकांत ममीकरणाची जी पद्धत सांगितली जाते तीत नाकावाटे मेंदू काढणे, डाव्या कुशीत छेद देऊन आतडी, यकृत, फुप्फुसे आणि जठर काढणे, ते चार ‘कॅनोपिक’ घटांत ठेवणे, देह नॅट्रॉन नावाच्या नैसर्गिक क्षारात सुकवणे आणि मग गुंडाळणे या पायऱ्या येतात. खा आणि मेरित यांच्या दालनात कॅनोपिक घट नव्हतेच. दोन्ही देह आजपर्यंत कोणी उलगडलेले नाहीत. १९६६ मध्ये त्यांची क्ष-किरण तपासणी झाली आणि अंतर्गत अवयव व मेंदू जागेवरच असल्याचे दिसले. त्यावरून पुढे अनेक वर्षे असे मानले गेले की या देहांवर नीट शवलेपन झालेच नाही, एवढा सधन माणूस आणि त्याने या कामात हात आखडता घेतला. ही तुलना आणखी बोचरी वाटे, कारण १९०५ मध्ये सापडलेल्या युया आणि त्जुया या जवळपास समकालीन दांपत्याच्या, म्हणजे तिसऱ्या आमेनहोतेपच्या सासूसासऱ्यांच्या देहांवर सर्व सोपस्कार झालेले होते.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीने हे मत बदलले. राफाएल्ला बियानुच्ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या क्ष-किरण प्रतिमा घेतल्या आणि गुंडाळलेल्या कापडाच्या नमुन्यांचे रासायनिक विश्लेषण केले. खाच्या कापडात प्राणिज चरबी किंवा वनस्पती तेलात सुगंधी वनस्पतींचा अर्क, डिंक आणि सूचिपर्णी वृक्षाची राळ मिसळलेली आढळली. मेरितच्या कापडात माशाचे तेल, सुगंधी अर्क, राळ आणि मधमाश्यांचे मेण. सूचिपर्णी वृक्ष इजिप्तमध्ये वाढत नाहीत, त्यांची राळ पूर्व भूमध्य सागराच्या किनाऱ्यावरून आणावी लागे आणि ती स्वस्त नव्हती. अर्थात येथे शवलेपन काळजीपूर्वक आणि खर्च करून झाले होते, फक्त त्याची रीत वेगळी होती. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात शवलेपनाच्या तीन दर्जांचे जे वर्णन केले आहे ते खाच्या मृत्यूनंतर सुमारे नऊशे वर्षांनी लिहिलेले आहे, आणि तो साचा मागे नेऊन लावल्यामुळे हा गैरसमज बळावला होता असे माझे मत आहे.

त्या प्रतिमांत खाच्या गळ्यात राजाने सन्मान म्हणून दिलेला सोन्याच्या कड्यांचा हार दिसतो, कानांत मोठी कर्णभूषणे, छातीवर भुंग्याच्या आकाराचा ताईत, कपाळाजवळ सापाच्या मस्तकाचा ताईत आणि इसिस देवतेशी जोडलेल्या गाठीच्या आकाराचा ताईतही. मेरितच्या अंगावर कर्णभूषणे, अंगठ्या, गळ्यातील रुंद हार आणि कमरपट्टा आहे. अवयव काढून ठेवण्यापेक्षा देह अखंड ठेवणे, त्याला सुगंधी लेप देणे आणि त्यावर सन्मानचिन्हे व ताईत घालणे याला या कुटुंबाने अधिक महत्त्व दिले. घटांचा खर्च वाचवण्यासाठी असे केले, हे स्पष्टीकरण टिकत नाही. ज्या घराने साऱ्या भिंती अन्नाने आणि कापडाने भरून टाकल्या, त्याला चार मडकी परवडली नसती असे होत नाही.

बंद राहिलेले घट

स्कियापरेल्ली यांनी दालनातील तोंड बंद केलेले अनेक घट उघडले नाहीत आणि पुढच्या पिढ्यांनीही तो संयम पाळला. त्या काळी ममी प्रेक्षकांसमोर उलगडून पाहण्याची हौस युरोपात अजून पूर्ण विरलेली नव्हती, हे लक्षात घेतले की या निर्णयाबद्दल मनापासून आदर वाटतो. त्याचे फळ मिळायला शंभरावर वर्षे लागली. इटलीतील रसायनशास्त्रज्ञांनी काही घट आणि भांडी काही दिवस प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद करून ठेवली, त्यांतून आपोआप बाहेर पडणारे वायू गोळा केले आणि वस्तुमान-वर्णमापकाने त्यांची ओळख पटवली. हे काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. काही भांड्यांतून मधमाश्यांच्या मेणाचे, काहींतून सुक्या मासळीचे तर काहींतून फळांचे अंश निघाले. एकाही घटाचे झाकण त्यासाठी हलवावे लागले नाही, आणि खाच्या घरच्यांनी बांधलेली कापडी फडकी आजही त्या घटांच्या तोंडांवर आहेत.